माणसे खरी, मांडणी चित्रकाराची

प्रश्न : बरोक काळातील (साधारण सतराव्या शतकातील युरोपीय) चित्रांत स्वयंपाक करणाऱ्या बायका, शेतकरी, भिकारी इतके हुबेहूब दिसतात की, चित्रकाराने समोरचे दृश्य जसेच्या तसे उतरवले असावे असे वाटते. तसे असे का? आणि अशी चित्रे विकत कोण घेत असे?
– एक वाचक

उत्तर : एकेक वस्तू आणि एकेक चेहरा प्रत्यक्ष पाहूनच रंगवलेला असे, संपूर्ण दृश्य मात्र बहुधा चित्रकाराने जुळवून आणलेले असे. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझचे 1618 मधील, आज एडिनबरो येथे असलेले, अंडी तळणाऱ्या वृद्धेचे चित्र बारकाईने पाहावे. तापलेल्या तेलात अंड्याचा पारदर्शक भाग पांढरा होऊ लागला आहे, तो नेमका क्षण त्याने टिपला आहे. पांढऱ्या ताटलीवर आडव्या ठेवलेल्या सुरीची सावली ताटलीच्या खोलगट भागात वाकते, तीही त्याने सोडलेली नाही. तरीही अंड्यांचे भांडे आपल्याकडे इतके कलते दाखवले आहे की, त्या उंचीवरून पाहताना ते प्रत्यक्षात तसे दिसणार नाही. आतली अंडी प्रेक्षकाला दिसावीत यासाठीच ही योजना आहे. शिवाय वृद्धा आणि मुलगा यांची नजर एकमेकांना भेटत नाही. दोघे जणू वेगवेगळ्या वेळी समोर बसवून रंगवले असावेत. व्हेलाझ्केझचे गुरू आणि सासरे पाचेको यांनी लिहून ठेवले आहे की, तो एका खेडवळ मुलाला पैसे देऊन कधी रडायला, कधी हसायला लावी आणि त्याची रेखाटने करी. माझ्या मते या चित्रांचा खरेपणा अशा कष्टाच्या निरीक्षणातून आलेला आहे, आणि मांडणी जुळवलेली आहे म्हणून तो तसूभरही कमी होत नाही.

इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओने तर हीच दृष्टी धर्मचित्रांत आणली. रोममधील सांत आगोस्तिनो चर्चमधल्या चित्रात मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळलेले तळपाय थेट भक्तांच्या डोळ्यांसमोर येतात. फ्रान्समधील चित्रकार ल नॅं बंधूंच्या चित्रांतील शेतकरी कुटुंबे मात्र शांत, स्थिर बसलेली आहेत; मुले अनवाणी आहेत, पण त्यांच्या गरिबीची ना थट्टा आहे ना करुणेचे प्रदर्शन, आणि म्हणूनच मला ती या परंपरेतील सर्वांत आदरणीय चित्रे वाटतात.

आता ग्राहकांविषयी. हार्लेमहून रोमला आलेल्या चित्रकार पीटर व्हान लार आणि त्याच्या अनुयायांची, रस्त्यावरचे जीवन दाखवणारी लहान चित्रे सधन लोक आवडीने घेत. चित्रकार आणि कवी साल्व्हातोर रोझा याला हे फार खटकले, आणि जिवंत भिकाऱ्याकडे तुच्छतेने पाहणारे श्रीमंत त्याचे चित्र मात्र घरात लावतात, अशी कडक टीका त्याने आपल्या उपरोधिक काव्यात केली.