पेन्सिलीवर गिरवलेली उत्तरं

"मॅडम, त्याच्या मनावर सोडलं तर हा पुस्तकाला हातसुद्धा लावणार नाही." आईंचा आवाज रडवेला झाला होता. मुलगा सातवीत. रोज सात ते दहा गृहपाठावरून आरडाओरडा, ताटं वाढलेली तशीच. ही काळजी इतक्या घरांतून ऐकते, म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी गणिताची वही मागितली. उजेडात तिरपी धरली तर निळ्या शाईखाली पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. आई उत्तरं लिहून द्यायची, मुलगा वरून पेन फिरवायचा, मग खोडरबर. दहापैकी दहा आणि खाली बाईंचा 'छान' असा शेरा. वही सुंदर होती, पण त्याची नव्हती.

त्याला विचारलं, "या सगळ्यात तू काय काय ठरवतोस?"

बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "पेन कुठलं घ्यायचं ते."

वाचन-लेखनात मुळातच काही अडचण आहे का, हे आधी तपासलं. नव्हती. असती तर नुसती मोकळीक देऊन भागलं नसतं.

गृहपाठ करायचा की नाही, हा प्रश्न आम्ही खुला ठेवला नाही. मात्र कुठला विषय आधी, किती वाजता, कुठे बसून, मदत कधी मागायची, हे सगळं त्याच्याकडे. वर्गशिक्षिकांनी मनापासून साथ दिली : दहातली कुठलीही सहा गणितं निवड, फक्त शेवटच्या तीन अवघडांतलं एक तरी हवं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ सांगितलाय. या घरात तीन तास जात होते!

वडिलांनी विचारलं, "असं कुठे करून बघितलंय का कुणी?" बघितलंय. एरिका पटॉल आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अमेरिकेतला अभ्यास मी त्यांना सांगितला. हायस्कूलच्या मुलांना गृहपाठाच्या पर्यायांतून एक निवडू दिला, तेव्हा त्यांची गोडी वाढली आणि चाचणीतले गुणही सुधारले.

तरी पहिला आठवडा वाईटच गेला. तीन दिवस गृहपाठ अर्धवट, डायरीत शेरा. आईंचा फोन आला, "बघा, मी म्हणत होते ना!" मी म्हटलं, आत्ता मध्ये पडलात तर त्याला वाटेल, निवड नावापुरतीच होती. शेऱ्याचं काय ते त्यालाच बाईंशी बोलू द्या. त्या थांबल्या. कुठल्याही आईला हे किती जड जातं, ते मी जवळून बघितलंय.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं स्वतःच वेळ बदलली. संध्याकाळी क्रिकेट, अभ्यास सकाळी साडेसहाला, स्वयंपाकघरात आजीजवळ. इतिहासाचं उत्तर आधी आजीला तोंडी सांगायचं, मग लिहायचं. आजी मध्येच "का बरं?" विचारायची, तेव्हा पुन्हा पुस्तक उघडावं लागायचं.

दिवाळीच्या सुट्टीआधी वही परत बघितली. खाडाखोड, गिचमिड अक्षर, सहापैकी चार बरोबर. एका गणितापाशी समासात लिहिलं होतं : 'इथपर्यंत जमलं. पुढचं उद्या बाईंना विचारणार.' ते पान आईंनी मला दोनदा उघडून दाखवलं.