इस्टेटीतलं कॉटेज : परवानगी आणि नकाशे

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये एका ऐतिहासिक इस्टेटीच्या आवारातलं दगडी कॉटेज घेतलं आहे. मुख्य हवेली सरकारी वारसा यादीत आहे, कॉटेजचं नाव यादीत नाही. मागच्या खिडक्या बदलायच्या आहेत आणि आतली एक भिंत काढायची आहे. परवानगी लागेल का? नकाशे कोणते द्यायचे?

उत्तर : यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका. यादीतल्या हवेलीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकामही कायद्याने तिचाच भाग धरलं जातं. हे आवार कुठवर, ते जागेची मांडणी, मालकी आणि वापर पाहून ठरतं, म्हणून स्थानिक कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याकडून आधी लेखी उत्तर घ्या. वारसा इमारतीत बदल करण्याची संमती (लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट) लागत असताना ती न घेता काम केलं तर तो फौजदारी गुन्हा होतो. संमतीच्या अर्जाला फी मात्र नाही.

स्थळदर्शक नकाशा १:१२५० चा, त्यावर तुमची जागा लाल रेषेत. मजल्यांचे नकाशे, दर्शनी बाजू आणि छेद (घर उभं कापल्यासारखं दाखवणारा नकाशा) १:५० ला, प्रत्येक 'आहे तसा' आणि 'प्रस्तावित'.

खरी मेहनत 'आहे तसा' नकाशावर घ्या. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. चार बाजू मोजून सरळ चौकोन काढला, की सगळी चूक भिंतींच्या जाडीत जाऊन बसते आणि ४५० मिमीची भिंत कागदावर कुठे ४०० तर कुठे ५०० दिसते. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून दार, खिडकी, फायरप्लेस यांची मापं तिथूनच सलग वाचा. तुकड्यातुकड्याने मोजलं तर चुका साठत जातात. उंची जमिनीवरून घेऊ नका, जमीन स्वतःच उतरती असते. लेझरने घरभर एकच आडवी पातळी आखून तिच्या वर-खाली मोजा. तिरकी भिंत तिरकीच काढा.

पाडायच्या भिंतीवर तुळई टेकली आहे का, हे छेदात दिसलंच पाहिजे.

खिडकी १:१० ला, काचांमधल्या लाकडी पट्टीचा छेद प्रत्यक्ष आकारात. दुहेरी काचेसाठी पट्टी जाड करावी लागते आणि हरकत बहुधा तिथेच येते. जुनी चौकट शाबूत असेल तर ती दुरुस्त करून आतून वेगळी काच बसवावी, असं आम्ही आग्रहाने सुचवू.

पीडीएफ छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. खरेदीखतात इस्टेटीच्या अटी असतील तर इस्टेटीची परवानगी वेगळी घ्यावी लागेल.