डोनर गाडी एकच घ्या, आणि अख्खी घ्या
किट कारबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं इंग्लंडमधल्या मराठी वाचकांची आहेत. तिथे जुन्या माझदा एमएक्स-५ चं (अशा गाडीला ‘डोनर’ म्हणतात) इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं-ब्रेक काढून ते नव्या चासीवर बसवायचे, अशी किट घरच्या गॅरेजमध्ये जुळवता येते आणि रीतसर रस्त्यावरही आणता येते. एक पत्र सांगलीचं आहे. त्याचं उत्तर शेवटी दिलं आहे.

प्रश्न : लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन सीटची किट घ्यायचं ठरवलं आहे. डोनर म्हणून अख्खी एमएक्स-५ घ्यावी, की इंजिन एकीकडून, डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअर संच) दुसरीकडून असं सुटं घ्यावं? सुटं स्वस्त पडतंय.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : सुटं घेऊ नका. वाचलेले पैसे पुढे दुप्पट जातात, आणि आधी अडतो तो कागद. डीव्हीएलए या तिथल्या वाहन नोंदणी खात्याच्या नियमानुसार चासी किट बनवणाऱ्या कंपनीकडून नवी घेतलेली असेल आणि एकाच जुन्या गाडीचे किमान दोन मुख्य भाग त्यात असतील, तर त्या जुन्या गाडीच्या वयाशी जुळणारा नंबर मिळतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सस्पेन्शन, ॲक्सल हे सगळे मुख्य भागांत मोडतात. भाग कुठल्या गाडीचे हे सिद्ध झालं नाही, तर ‘क्यू’ नंबर गळ्यात पडतो. विकताना त्याचा भाव पडतो आणि काही विमा कंपन्या नाक मुरडतात. म्हणून डोनरचं व्ही५सी लॉगबुक (नोंदणीचं पुस्तक) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका आणि त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. रिकामा सांगाडा भंगारवाल्याला द्यायची घाई नको. त्याने गाडी नष्ट झाल्याचं प्रमाणपत्र काढलं की तुमच्या डोनरची ओळखच संपते. नवी नोंदणी हातात पडेपर्यंत सांगाडा ताडपत्रीखाली राहू द्या. घरच्यांची कुरकुर ऐकावी लागेल, पण तेवढं सोसा.

दुसरं कारण सुट्या सामानाचं. खर्च इंजिनावर होत नाही. तो प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट, हँडब्रेकची केबल, ऑक्सिजन सेन्सरचा प्लग, स्टिअरिंग कॉलमचा सांधा असल्या किरकोळ वस्तूंवर होतो. अख्ख्या गाडीत ते सगळं आधीच असतं.

गंजाला घाबरू नका. एमएक्स-५ चे दारांखालचे सिल गंजतात आणि गाडी वार्षिक तपासणीत नापास होते, म्हणूनच ती स्वस्त मिळते. तुम्हाला तो पत्रा वापरायचाच नाही. पत्रा कुजलेला, पण रोज चालणारी गाडी हीच आदर्श डोनर. तपासायचं ते यांत्रिक बाजूने :

पहिल्या पिढीच्या १.६ लिटर इंजिनात, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली पुली अडकवून धरणाऱ्या धातूच्या चावीची खाच झिजते, पुली डगमगते आणि टायमिंग बिघडतं. ओळख सोपी आहे. क्रँकच्या पुलीत चार खाचा दिसल्या तर आखूड टोक, आठ दिसल्या तर सुधारित. इंजिन आयडलवर ठेवून पुलीकडे बघा. ती लडबडत फिरत असेल तर ते इंजिन सोडून द्या. दुसरी खबरदारी : इंग्लंडमध्ये १९९५ पासून विकलेली १.६ ही जाणूनबुजून मंद केलेली होती, सुमारे ९० अश्वशक्तीची. आधीची साधारण ११५ ची होती. १.८ घेतलीत तर सुमारे १३० मिळते आणि डिफरन्शियलही ६ इंचाऐवजी ७ इंची क्राऊन व्हीलचं, जास्त दणकट. सहाशे किलोच्या गाडीला ११५ देखील पुष्कळ झाली, पण डिफरन्शियलसाठी आम्ही १.८ च सुचवू.

दुसऱ्या पिढीची घेणार असाल तर किल्ली, किल्लीभोवतीची कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांची जोडी फोडू नका. चोरी रोखणारा इमोबिलायझर त्या तिघांवर चालतो.

प्रश्न : डोनर दारात आली आहे. उतरवायला सुरुवात कुठून करू? जागा एका गाडीपुरतीच आहे.
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : गाडी चाकांवर उभी असताना हबचे नट ढिले करा. नंतर चाक हवेत फिरतं आणि नट हलत नाही. २९ मिमीचा सॉकेट आणि लांब दांडा लागेल. मागचा नट कारखान्यात २१६ ते २९४ न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. खाचेत ठोकून बसवलेली त्याची कड आधी छिन्नीने उचला. हे नट परत वापरू नका, नवे घ्या.

त्याआधी दोन दिवस फक्त फोटो काढण्यात घालवा. प्रत्येक प्लगला कापडी टेप लावून नाव लिहा : ‘पुढचा डावा दिवा’, ‘पंखा’, ‘ऑक्सिजन सेन्सर’. वायरिंग कापू नका, पूर्ण ओढून काढा. कात्री चालवायची ती नव्या चासीवर इंजिन चालू झाल्यावर.

मग पेट्रोल पंपाचा प्लग काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. त्यानंतरच कूलंट आणि इंजिन ऑइल काढा. मागचे सस्पेन्शन आर्म ज्या लांब बोल्टांवर आहेत ते बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारा, तरीही निम्मे हलणार नाहीत. ते ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापायचे. बुश तसेही नवे घालणारच आहात.

एमएक्स-५ ची सोय अशी की गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने जोडलेले असतात. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि दोन्ही सबफ्रेम (हे सगळं धरणाऱ्या पुढच्या-मागच्या चौकटी) एकसंध खाली सोडता येतात. सांगाडा भक्कम टेकूंवर घ्या, स्टिअरिंगचा सांधा, ब्रेकचे होज, पेट्रोलचे पाइप, गिअर लिव्हर, हँडब्रेकची केबल सोडवा आणि मग सबफ्रेमचे बोल्ट. चार जणांनी सांगाडा उचलून बाजूला ठेवायचा. तुळई काढताना कोणता बोल्ट आणि कोणतं स्पेसर कुठलं त्याच्या खुणा करा. प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला की शेपटीतून गिअर ऑइल धो-धो येतं. शेपटीवर प्लास्टिकची पिशवी घालून केबल टाय आवळून ठेवा.

प्रश्न : १.६ इंजिन बसवलं. मूळ एअर मीटरचा डबा बेढब दिसत होता म्हणून काढून तिथे उघडा फिल्टर लावला. सेल्फ मारला की इंजिन पेटतं, किल्ली सोडली की मरतं. पंप नवा आहे.
— एक वाचक, स्लाऊ

उत्तर : पंपाचा दोष नाही. पहिल्या पिढीच्या १.६ मध्ये हवा मोजणाऱ्या त्या डब्यात एक झडप असते आणि झडपेजवळच पेट्रोल पंपाचा स्विच. सेल्फ फिरत असताना पंपाला वेगळ्या वाटेने करंट मिळतो. किल्ली सोडली की ती वाट बंद होते आणि पुढे झडप हवेने उघडलेली असेल तरच पंप चालतो. डबाच नाही, म्हणजे पंप बंद.

डायग्नोस्टिक बॉक्समध्ये ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ या दोन टोकांत वायर टाकली तर पंप सतत फिरेल, पण तो फक्त तपासायचा मार्ग. किती हवा आली हे ईसीयूला त्या झडपेवरूनच कळतं, म्हणून डबा परत लावा. तो डोनरमध्ये होता तसाच आडवा ठेवा. उभा केला तर झडपेचं वजन मापात शिरतं. डबा आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप चिरलेला नको. तिथून हवा आत शिरली की ती झडपेवरून जात नाही आणि इंजिन पुन्हा बसतं. लावल्यावर किल्ली ‘ऑन’ करून झडप बोटाने हलकेच ढकला. पंपाची घूं ऐकू आली की काम झालं.

डबा नकोच असेल तर स्वतंत्र प्रोग्राम करता येणारा ईसीयू घ्यावा लागेल. दिसण्यापायी तो खर्च आम्हाला पटत नाही.

ता. क. : चासीला पावडर कोटिंग केलेलं आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. पावडर म्हणजे वीजरोधक थर. अर्थच्या प्रत्येक बोल्टखाली तो खरवडून उघडा धातू काढा आणि वर ग्रीस लावा. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत सेल्फ फिरताना मल्टिमीटरवर ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग कमी आहे. फायबरच्या बॉडीवरच्या दिव्यांना तर प्रत्येकी वेगळी अर्थची वायर लागते. डोनरमध्ये ते काम पत्रा करत होता.

प्रश्न : हीटर काढून टाकला, त्याची दोन्ही तोंडं बुच मारून बंद केली. आता गाडी तापते. रेडिएटर नवा आहे.
— एक वाचक, हॅरो

उत्तर : बुचं काढा आणि दोन्ही तोंडं एका होजने जोडा. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदासाठी केलेलं. एमएक्स-५ मध्ये ते लांबीत बसवताना गरम पाणी बाहेर पडायचं तोंड पुढे आणलं, त्यामुळे मागच्या सिलिंडरांकडे पाण्याची ये-जा मुळातच कमी. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाचं थोडंफार पाणी हीटरच्या वाटेनेच फिरत होतं. ती वाट तुम्ही बंद केलीत.

दुसरा संशय अडकलेल्या हवेचा. सेव्हनच्या नाकातला रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो, म्हणून हवा हेडमध्ये साचते. एक्सपान्शन टाकी पूर्ण यंत्रणेत सगळ्यात उंच हवी. पुढचं चाक जॅकवर चढवून, टाकी उघडी ठेवून, थर्मोस्टॅट आपोआप उघडून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा आणि पाणी भरत राहा.

आणि पेट्रोलचे होज बदलले नसतील तर तेही बदला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि जुनं रबर त्यात मऊ पडून चिरतं. होजवर ‘आर९’ छापलेलं हवं. ‘आर६’ इंजेक्शनच्या दाबाला चालत नाही.

प्रश्न : १३ इंची चाकं लावली तर स्पीडोमीटर चुकेल का?
— एक वाचक, कोव्हेंट्री

उत्तर : चुकेल, पण चालणाऱ्या बाजूने. डोनरचं १८५/६० आर१४ टायर ५७८ मिमी व्यासाचं, १८५/६० आर१३ ५५२ चं. काटा साडेचार टक्के जास्त दाखवेल. जास्त दाखवलेलं मर्यादेत चालतं, कमी दाखवलेलं अजिबात नाही. १९५/५० आर१५ लावलंत तर ५७६, म्हणजे जवळपास तेवढंच.

प्रश्न : आयव्हीए (घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी) तपासणीला जाण्याआधी कशाची धास्ती घ्यावी?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : इंजिनाची नाही. लोक स्टिअरिंगवर आणि कडांवर नापास होतात.

गाडी हळू चालवत स्टिअरिंग वळवून सोडलं की ते आपोआप मधे यायला हवं. एमएक्स-५ चे अपराइट (चाकाचा हब धरणारे भाग) जड गाडीसाठीचे. नाक हलकं झालं की ते परतावणारं बळ कमी पडतं. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) ५ ते ७ अंशांत ठेवा, कॉलमचे सांधे अडखळत नाहीत ना ते बघा आणि पुढच्या टायरांत थोडी जास्त हवा भरून जा.

कडांचं माप असं : १०० मिमी व्यासाचा चेंडू बाहेरून जिथे जिथे टेकेल, तिथली कड किमान २.५ मिमी गोलाईची हवी. सेव्हनचे सस्पेन्शन आर्म उघडेच असतात, म्हणून त्यांच्या प्रत्येक नटावर प्लास्टिकची गोल टोपी लागते. ती चिकटवा, तपासनीसाच्या बोटाने निघाली तर गणतीत धरत नाहीत. ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप दर २५०–३०० मिमीवर क्लिपने बांधा. जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. ब्रेकचा समतोल बदलायचा नॉब बसवला असेल तर तो जागच्या जागी पक्का करून टाका, फिरता ठेवू नका.

प्रश्न : मारुती ८०० चं इंजिन घेऊन अशी गाडी केली तर महाराष्ट्रात पासिंग होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि नवी चासी हा तर बदलही नाही, ती नवीच गाडी. नव्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे नमुना मंजुरी लागते. ती पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्था देतात, आणि तो खटाटोप उत्पादकाचा आहे. घरी एकच गाडी बनवणाऱ्यासाठी आयव्हीएसारखी वाट इथे नाही. शेतात, खासगी ट्रॅकवर किंवा बाहा एसएईसारख्या विद्यार्थी स्पर्धांसाठी त्यांच्या नियमांत बसवून मात्र जरूर बनवा.

तेवढ्यासाठी करणार असाल तर ८०० ऐवजी ओम्नी घ्या. इंजिन तेच, ७९६ सीसी, पण लांबीत बसवलेलं, मागे प्रॉपेलर शाफ्ट आणि पूर्ण ॲक्सल. म्हणजे सेव्हनचीच मांडणी आयती मिळते. ८०० चा आडवा संच वापरायचा तर तो सीटमागे, डोनरमध्ये होता त्याच दिशेला तोंड करून ठेवा. जागा वाचवायला अर्धा फेरा फिरवलात, तर पुढे जायला एक आणि मागे जायला चार गिअर मिळतील. मागे गेलेल्या चाकांचे टाय रॉड चासीला पक्के करा, आणि त्यांचे सांधे खालच्या आर्मच्या सांध्यांच्या रेषेत ठेवा. नाहीतर खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्वतःहून वळतं.

कागदाची रीत मात्र इथे उलटी आहे. इंग्लंडमध्ये डोनरची नोंद जपायची, इथे डोनर मोडायला काढण्याआधी आरटीओकडे कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्यापासून चौदा दिवसांत कळवणं मालकावर बंधनकारक आहे. गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर हे काम त्याच्याकडूनच करून घ्या, आणि तेही चेनपुली लावण्याआधी.