गोचिडी रोज काढतो, तरी संपत नाहीत

प्रश्न : कुत्र्याच्या गोचिडी रोज काढतो, पण दोन दिवसांत पुन्हा तेवढ्याच. शेजारी म्हणतात, रॉकेल लावा, गळून पडतील. गोठ्यातलं औषध लावलं तर चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : रॉकेल नको. खोबरेल, चुना, पेटती काडीही नको. डिवचलेली गोचीड सुटण्याआधी चाव्यातच ओकू शकते, आणि तिच्यात रोगजंतू असले तर तेही कुत्र्याच्या रक्तात जातात. बारीक टोकाच्या चिमट्याने केस बाजूला करून तिला कातडीलगत, तोंडापाशी धरा; फुगलेल्या पोटाला नाही. मग न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. झटका दिला की तोंड तुटून आत राहतं. राहिलंच तर सुईने कोरू नका; जागा जंतुनाशकाने पुसा, कातडी ते हळूहळू बाहेर टाकते. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. साध्या पाण्यात ती लवकर मरत नाही. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली रोज हात फिरवा.

आता त्या परत का येतात ते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि चिऱ्याच्या सांध्यांत, पडवीच्या कोपऱ्यात, चौकटीच्या फटीत हजारावर अंडी घालते. पिल्लंसुद्धा रक्त पितात, उतरतात, फटीत कात टाकतात आणि पुन्हा चढतात. म्हणजे तुम्ही अंगावरच्या काढता, तोवर भिंतीतल्या वाट बघत असतात. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या घरात हा त्रास जास्त. सांधे सिमेंटने बुजवा, अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, कुत्रा बसतो तिथला पातेरा उचला. गोठ्याला उगाच दोष देऊ नका. गुरांवरची गोचीड बहुधा वेगळ्या जातीची असते.

गोठ्यातलं औषध मात्र कुत्र्याला लावू नका. ते तीव्र असतं, पाणी घालण्याचा अंदाज चुकतो आणि कुत्रा अंग चाटतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं कुठलंही औषध नको, तिच्या जिवावर बेतेल. उरलेलं औषध व्हाळात ओतू नका, मासे मरतात.

वजनावरून देण्याच्या गोळ्या सोयीच्या : अफोक्सोलॅनर महिनाभर पुरते, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवडे. गोचीड चावल्यावरच मरते, म्हणून गोळीनंतरही अंगावर दिसली तर घाबरू नका. भिंतीतल्या संपेपर्यंत काही महिने एकही डोस चुकवू नका. फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. मानेमागे टाकायच्या फिप्रोनिल या औषधाच्या थेंबांच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ चालत नाही. रोज समुद्रात डुंबणाऱ्याला गोळीच बरी.

प्रश्न : माकडताप आमच्या कुत्र्यामुळे घरात येईल का? – एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : माकडांनाही होणारा हा विषाणूचा ताप मुख्यतः जंगलातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडीमुळे पसरतो, घरातल्या भिंतीतली ती नव्हे. पण काजूच्या बागेत, रानात फिरून आलेला कुत्रा तिला अंगावर घेऊन येऊ शकतो. त्याला अंगणातच तपासा, हातमोजे घाला. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

कुत्र्याला स्वतःला भीती आहे ती बबेसिया आणि एर्लिकिया या गोचिडीतून रक्तात जाणाऱ्या रोगजंतूंची. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, लालसर-तांबूस लघवी यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा अठ्ठावीस दिवस देतात. आठवड्यात कुत्रा खेळायला लागला म्हणून ते बंद करू नका.