वाचकांचे प्रश्न : वडोदऱ्याहून नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. येत्या फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने धाकटे दीर व जाऊबाई यांच्यासह नाशिकच्या वाइनरी पाहाव्यात, असे ह्यांच्या मनात आहे. जाऊबाई मद्याला स्पर्श करीत नाहीत. सासूबाईंचे वय ७४ असून त्यांना त्र्यंबकेश्वराचे दर्शन घडवायचे आहे. हाताशी चार दिवस आहेत. कधी निघावे, कोणत्या रस्त्याने जावे आणि कोणत्या वाइनरी निवडाव्यात? — एक वाचिका, वडोदरा

उत्तर : आपण फेब्रुवारी निवडला आहे, तो योगायोगाने का होईना, अगदी योग्य निवडला आहे. युरोपात द्राक्षांची काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास होते. आपल्याकडे मात्र तिचे वेळापत्रक पावसाने ठरवलेले आहे. पावसाळ्यात वेलीवर फळ ठेवले तर केवडा आणि भुरी हे रोग ते टिकू देत नाहीत, म्हणून नाशिकचा बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून वेलीला केवळ काडी वाढवू देतो आणि पाऊस ओसरल्यावर, साधारणपणे ऑक्टोबरात, फळछाटणी करतो. त्या छाटणीनंतर धरलेले घड जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पिकतात. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या या पठारावर त्या दिवसांत दुपार उबदार व रात्र चांगलीच गार असते, आणि फळात साखर भरत असताना त्याची आंबट धार शिल्लक राहते ती या गार रात्रींमुळे. फेब्रुवारीत गेल्यास मळ्यात घड, वाइनरीच्या आवारात द्राक्षांच्या क्रेट आणि टाक्यांत आंबत असलेला रस असे सगळे एकाच भेटीत पाहायला मिळते. जुलैत गेल्यास डोंगर हिरवेगार दिसतील, वाइनही चाखता येईल, परंतु वेलीवर पानांखेरीज काही नसेल.

मात्र या हंगामातील दोन तारखा आधीच टाळाव्यात. उत्तरायण आटोपल्यावर आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे २६ जानेवारीला जोडून सुटी घेतात आणि नेमक्या त्याच दिवशी महाराष्ट्रात मद्यविक्री बंद असते. ३० जानेवारी हाही तेथे कोरडा दिवस पाळला जातो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांतही हाच नियम लागू होतो. आपण फेब्रुवारीत जात असल्याने या तारखांची अडचण नाही, तरी महाशिवरात्र कधी आहे ते पंचांगात पाहून ठेवावे, कारण त्या दिवशी त्र्यंबकेश्वरी जी रांग लागते ती ७४ वर्षांच्या माणसाने उभे राहावे अशी नसते. शनिवार-रविवारही टाळावा. मुंबई आणि पुण्याची गर्दी त्या दोन दिवसांत गंगापूर रस्त्यावर उतरते, मग वाइन समजावून सांगणाऱ्या माणसाला ना आपल्याकडे पाहायला वेळ मिळतो, ना बोलायला. मंगळवारी निघून शुक्रवारी परतावे, असे मी सुचवेन.

रस्त्याने जायचे तर सुरत, नवसारी, चिखली, वांसदा, वघई, सापुतारा, वणी, दिंडोरी हा मार्ग धरावा. वापीहून कपराडा व पेठमार्गेही नाशिक गाठता येते, पण सासूबाई बरोबर असताना पहिलाच मार्ग बरा, कारण वणीजवळ सप्तशृंगी गड लागतो आणि आता गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय असल्याने पायऱ्या चढण्याचा प्रश्न उरलेला नाही. पहाटे निघाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत सापुतारा गाठता येतो आणि तेथून पुढे गडावरचे दर्शन घेऊन संध्याकाळी नाशिकला पोहोचता येते. गाडी चालवायला चालक बरोबर घ्यावा आणि तो चारही दिवस ठेवावा. चाखण्याच्या कार्यक्रमात एका वेळी घोटभरच वाइन मिळते खरी, पण पाच-सहा घोट मिळून जो परिणाम होतो तो घाटात गाडी चालवण्याला मुळीच पोषक नसतो. घरातल्याच कोणी तरी न पिता गाडी चालवावी, हा तोडगा कागदावर छान दिसतो. तसे झाले की त्या एका माणसाची सहल मात्र वाया जाते.

आता वाइनरींविषयी. माझे स्पष्ट मत असे आहे की दिवसाला दोनपेक्षा अधिक वाइनरी पाहू नयेत आणि चार दिवसांच्या सहलीत एकूण तीन पुरेशा होतात. त्यांपैकी एक मोठी असावी. सुला ही कंपनी राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केली, तिची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि २००५ मध्ये तिने पाहुण्यांसाठी स्वतःची टेस्टिंग रूम उघडली; आज नाशिकला वाइनसाठी जाणारा माणूस तिथून सुरुवात करतो तो याच कारणाने. येथे गर्दी असते, विक्रीचा आग्रहही असतो, परंतु द्राक्ष दाबण्यापासून टाक्या, पिंपे आणि बाटल्यांपर्यंतचा सर्व क्रम नवख्या माणसाला येथे नीट दाखवतात. दुसरी वाइनरी लहान घ्यावी. गंगापूर धरणाच्या पाण्यालगतची यॉर्क ही आकाराने लहान, बसायला निवांत आणि सूर्यास्ताच्या वेळी विशेष रमणीय आहे. २०२१ मध्ये तीही सुलाच्या ताब्यात गेली असली, तरी तेथील प्रमाण आणि वातावरण निराळे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुला आणि दुपारनंतर यॉर्क, असा क्रम ठेवून मधले तीन तास जेवण व विश्रांती यांना द्यावेत. मुक्काम गंगापूर रस्त्याच्याच बाजूला केल्यास येण्याजाण्यात वेळ मोडत नाही.

तिसरी वाइनरी दिंडोरी तालुक्यात आहे. शाँपेनसाठी प्रसिद्ध असलेल्या मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने शाँदाँ या नावाने २०१३ पासून तेथे फसफसणारी वाइन बनवायला सुरुवात केली. या प्रकारात वाइन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवली जाते आणि त्यातून निघणारा वायू बाहेर न पडू देता वाइनमध्येच कोंडला जातो, म्हणून ही जागा इतर दोहोंपेक्षा वेगळे काही दाखवू शकते. मात्र आधी विचारून, वेळ ठरवूनच तेथे जावे. वेळ न मिळाल्यास हट्ट धरू नये. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा आणि मुकणे धरणाच्या परिसरात व्हॅलोने या दोन चांगल्या वाइनरी आहेत, पण त्या शहराच्या अगदी दुसऱ्या अंगाला असल्याने या सहलीत त्या बसवू पाहाल तर निम्मा वेळ गाडीतच जाईल.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबकेश्वर. नाशिकपासून ते तासाभराच्या अंतरावर आहे आणि दर्शन सकाळी लवकर आटोपलेले बरे. त्या दिवशी दुपारी दिंडोरीची वेळ मिळाली असेल तर आपण चौघांनी तिकडे जावे, सासूबाईंनी मुक्कामी विश्रांती घ्यावी. चौथ्या दिवशी कोणतीही वाइन न चाखता परतीचा रस्ता धरावा. याचे कारण पुढच्या उत्तरात येईलच.

जाऊबाईंविषयी एवढेच म्हणेन की "थोडी चाखून तर पाहा" हे वाक्य सहलभर कोणीही त्यांच्यापाशी उच्चारू नये. मळ्यातून फिरणे, कारखाना पाहणे आणि तेथील उपाहारगृहात जेवणे यांसाठी वाइन पिण्याची काहीही गरज नसते. बागेत शिरताना मात्र विचारावे आणि घड तोडू नयेत. औषधफवारणी कधी झाली आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

प्रश्न : आम्हीही नाशिकला निघालो आहोत. परत येताना भेट म्हणून दोन-तीन बाटल्या आणाव्यात असा विचार आहे. वाइन म्हणजे दारू नव्हे आणि बिल जवळ असले की चालते, असे मुलाचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? — एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : नाही. महाराष्ट्रात २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही यावर बरीच खडाजंगी झाली आणि आपल्या चिरंजिवांच्या कानांवर तीच आली असावी. गुजरातच्या कायद्याला त्या वादाशी कर्तव्य नाही; त्याच्या दृष्टीने वाइन हे मद्यच आहे. गंमत अशी की दोन्ही राज्यांच्या कायद्याचे मूळ एकच, म्हणजे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, महाराष्ट्राने त्याच चौकटीत परवाने देत वाट मोकळी केली आणि गुजरातने बंदी कायम ठेवली. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तर येथे मद्याची निर्मिती, विक्री व वाहतूक यांसाठीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली आहे. नाशिकच्या दुकानाचे बिल हे आपण बाटली पैसे देऊन घेतली एवढेच सिद्ध करते. ती सीमेपलीकडे आणण्याचा परवाना ते नव्हे. गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय व्यवसायांच्या वसाहतीत २०२३ च्या डिसेंबरात मद्यपानासाठी देण्यात आलेली सवलतही त्या परिसरापुरतीच आहे, तिचा वडोदऱ्यातील आपल्या घराशी संबंध नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने येणाऱ्या गाड्या सीमेवर तपासल्या जातात आणि बाटली सापडली तर गाडीही अडकते. तेव्हा तेथे उघडलेली बाटली तेथेच संपवावी किंवा सोडून यावी, आणि पिऊन लगेच सीमा ओलांडू नये, कारण मद्याच्या अमलाखाली सापडणे हाही येथे गुन्हा आहे. ज्यांच्याकडे आरोग्याच्या कारणाने मिळालेला परवाना आहे त्यांनीही त्यातील अटी वाचून मगच विचार करावा. भेट म्हणून द्यायला नाशिकचे बेदाणे आहेत, हंगामात खाण्याची ताजी द्राक्षे आहेत, चिवडाही आहे.

प्रश्न : वाइन चाखताना पेला फिरवणे, हुंगणे वगैरे केले नाही तर हसे होते का? आम्हाला यातले काहीच कळत नाही. — एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : कोणीही हसत नाही, तेथे येणाऱ्या बहुतेकांची ती पहिलीच वेळ असते. पेला फिरवण्याचे कारण मात्र समजून घ्यावे. वाइनची अर्धीअधिक ओळख जिभेपेक्षा नाकाला होते आणि पेला फिरवल्यावर हवेशी संपर्क वाढून तिचा वास मोकळा होतो. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनला ढोबळी मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास येतो, शनँ ब्लाँमध्ये पेरूचा भास होतो, तर शिराझ या लाल वाइनमध्ये पुष्कळांना काळी मिरी जाणवते. हे वास आपल्याला आले नाहीत तर आले म्हणून सांगण्याची गरज नाही.

क्रम पांढऱ्या वाइनपासून लाल वाइनकडे असतो. पांढरी वाइन करताना द्राक्षे दाबून साल लगेच बाजूला काढतात. लाल वाइनमध्ये रस सालींसकट आंबवतात आणि रंग व तुरटपणा हे दोन्ही सालींतून उतरतात. पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळते, तसाच हा तुरटपणा असल्याने आपल्या लोकांना तो ओळखीचा वाटायला हरकत नाही. तो आधी चाखला तर नंतरची हलकी वाइन पाण्यासारखी लागते. घोट आवडला नाही तर पेल्यातील उरलेली वाइन ओतून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, त्याचा निःसंकोच उपयोग करावा. मधूनमधून पाणी प्यावे आणि उपाशीपोटी जाऊ नये. त्या दिवशी उग्र अत्तर लावू नये, शेजारच्या माणसाच्या नाकावर तो अन्याय होतो. आपल्या वडोदऱ्याचा लिलो चिवडा मुक्कामावर खाण्यासाठी बरोबर न्यावा. त्याची आंबट-गोड-तिखट चव किंचित गोडसर शनँ ब्लाँबरोबर फार चांगली जुळते. सेव-उसळीच्या तिखटापुढे मात्र कोणत्याही लाल वाइनचा टिकाव लागत नाही.

प्रश्न : नाशिकऐवजी अकलूजला जाणे कसे? — एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली ही वाइनरी आहे आणि तिच्या लाल वाइन मला नाशिकच्या बहुतेक लाल वाइनपेक्षा अधिक आवडतात. पण वडोदऱ्याहून ते अंतर फार आहे आणि एका वाइनरीसाठी दोन दिवस गाडीत घालवणे परवडणारे नाही. पंढरपूरला जाणे ठरलेच असेल, तर वाटेत एक मुक्काम अकलूजला जरूर करावा.