बॅले आपल्या चेडवाला शोभतो का?

बर्मिंगहॅमच्या एका आईचं पत्र आहे. नाताळच्या सुट्टीत ती सासरी, मालवणजवळच्या गावी आली होती, तिथूनच तिने ते लिहिलं. "मुलगी आठ वर्षांची. शाळेने हिप्पोड्रोम नाट्यगृहात नेऊन 'नटक्रॅकर' हा बॅले दाखवला आणि त्या दिवसापासून ही टाचा जमिनीला टेकवायला तयार नाही. बॅलेच्या क्लासला घाल म्हणून रोज मागे लागते. नवरा म्हणतो, ते गोऱ्या बड्या लोकांचं खूळ, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, तिथे जाऊन अवघडून कशाला बसायचं? इथे ती खळ्यात नाचून दाखवत होती, तर सासूबाई म्हणाल्या, 'ह्यां कसलां नाचणां? पाय आकाशात घालून! आपल्या चेडवाक ह्यां शोभता काय?' त्यापेक्षा भरतनाट्यमला घालू का? शिवाय मुलगा मराठीत उत्तरच देत नाही, आणि मामंजींनी सातबाऱ्याचा विषय काढलाय. काय करावं ते सांगा."

ताई, मी पहिल्याच प्रश्नावर जास्त बोलणार आहे. मुलाचं आणि सातबाऱ्याचं शेवटी दोन शब्दांत सांगते. परदेशातल्या आपल्या घरांमध्ये 'ते आपलं नाही' या एका वाक्यापायी किती गोष्टी मुलांच्या हातून निसटतात, हे मी इंग्लंडमध्ये राहून डोळ्यांनी पाहिलंय. आता वेंगुर्ल्याला परत येऊन राहिले तरी त्याची तळमळ कमी झालेली नाही.

आधी तुमच्या यजमानांकडे वळू. पत्रात पुढे तुम्हीच लिहिलंय, "परवा जत्रेत दशावतार होता, हे पहाटेपर्यंत जागेवरून हलले नाहीत, आणि मुलगीही." मग मला सांगा, हा गृहस्थ दशावतार कुठल्या क्लासला जाऊन शिकला? लहानपणी कुणाच्या तरी मांडीवर पेंगत त्याने पहिला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहिला असणार. पेटीवाला कोण आणि मृदंगावर कोण, हे शेजारचा काका सांगत असणार. आख्यान आधीच ठाऊक, म्हणून लक्ष सगळं नटाकडे. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, तेच सिंहासन आणि तीच शय्या, आणि साडी नेसलेला पुरुष राणी होऊन रडायला लागला की समोरच्या बायका डोळे पुसतात. परक्या माणसाला यातलं काय कळेल? मुंबईच्या शिकलेल्या पाहुण्यांनी धयकाल्याला नाकं मुरडलेली आमच्या पिढीने ऐकली आहेत. तेव्हा आपल्याला राग यायचा. तोच नियम आता आपण उलटा लावतोय, हे त्यांना शांतपणे सांगा.

बॅले बड्यांचा आहे का? जन्म दरबारातला, हे खरंच. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचायचा, आणि 1661 मध्ये त्यानेच पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापन केली. पण नाचणारे पाय कुणाचे होते ते बघा. सेंट पीटर्सबर्गची प्रसिद्ध बॅलेशाळा 1738 मध्ये सुरू झाली, ती राजवाड्यातल्या नोकरचाकरांची मुलं घेऊन. पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकात नाचायला यायच्या त्या बहुतेक गरीब घरच्या पोरी. चित्रकार देगाने चौदा वर्षांच्या एका नर्तकीचा पुतळा घडवला आणि 1881 मध्ये तो लोकांपुढे ठेवला. त्या मुलीची आई कपडे धुऊन पोट भरायची. श्रीमंत वर्गणीदारांना तिथे पडद्यामागे जायची मुभा होती, आणि पोरींच्या नशिबी काय येत असे ते तुमच्या सासूबाईंना सांगावं लागणार नाही. 'शोभता काय' हा प्रश्न तिथल्या बायकांनीही विचारलाय. रशियन नर्तकी आना पावलोव्हा, जिच्या नावाने जगभर लोक बॅले ओळखू लागले, तीही धोबिणीची मुलगी. 1923 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आपले नर्तक उदयशंकर तिच्यासोबत कृष्ण होऊन नाचले.

आणि तुमच्याच गावचं उदाहरण. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचे संचालक 2020 पासून कार्लोस अकोस्टा आहेत. क्यूबातल्या हवानाचे, ट्रक ड्रायव्हरचे चिरंजीव, घरातलं अकरावं मूल. पोरगा रस्त्यावर उनाडक्या करतो म्हणून बापाने त्याला बॅलेच्या शाळेत टाकलं, कारण तिथे शिक्षण सरकारी खर्चाने होतं. मुंबईचा मनीष चौहान टॅक्सीवाल्याचा मुलगा, अमिरुद्दीन शाह वेल्डरचा. दोघेही बॅले शिकून परदेशी गेले. तेव्हा 'बड्या लोकांचं खूळ' हे यजमानांचं म्हणणं खुर्च्यांवर बसणाऱ्यांपुरतं खरं. स्टेजवरच्यांची गोष्ट वेगळी आहे.

खुर्च्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. खर्च आहे. क्लासची फी, गणवेश, परीक्षा, आणि मोठेपणी टोकाचे बूट, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे, जे कसलेल्या नर्तिकेचे एका प्रयोगातसुद्धा संपतात. पण आठ वर्षांच्या मुलीला लागतात ते इलॅस्टिकचे मऊ चपट बूट, तेवढेच. टोकाचे बूट अकरा-बारा वर्षांच्या आधी नाहीत, तेही काही वर्षांचा सराव झाल्यावर आणि बाईंनी घोटा-पाऊल तपासून हो म्हटल्यावर. हौसेने ऑनलाइन मागवून देऊ नका. वाढत्या हाडांशी खेळ होतो. हे मी ओरडूनच सांगते, कारण आमच्या ओळखीच्या घरात झालेलं आहे.

रंगाचंही बोलू, कारण तुम्ही लिहिलं नाहीत तरी ते तुमच्या मनात असणार. माझी लेक शिकत होती तेव्हा क्लासची सक्ती होती, मोजे आणि बूट फिक्या गुलाबीच रंगाचे. गुलाबी का, तर गोऱ्या पायाची रेषा पुढे तशीच चालू राहावी म्हणून. माझ्या सावळ्या पोरीचा पाय घोट्याशी कापल्यासारखा दिसायचा. मी विचारलं तर 'नियम आहे' एवढंच उत्तर. मग आम्ही घरी मोठ्या टोपात कोरा चहा उकळायचो, त्यात रिबिनी बुडवायच्या, वर काढून रंग बघायचा, पुन्हा बुडवायच्या. सुकल्या की बुटाला आतून बारीक टाके घालायचे, दोरीची गाठ वगळून, नाहीतर बूट आवळत नाही. बोटं टोचायची. 2018 मध्ये लंडनच्या फ्रीड कंपनीने 'बॅले ब्लॅक' या संस्थेच्या सोबतीने सावळ्या आणि काळ्या कातडीच्या रंगांचे टोकाचे बूट काढले, तेव्हा लेकीने मला फोन करून सांगितलं. आज तुम्ही क्लासमध्ये पहिल्याच दिवशी विचारा, त्वचेच्या रंगाचे मोजे चालतील का. पुष्कळ ठिकाणी चालतात. न लाजता विचारा.

आता बघायचा कसा. क्लासला घालून मोकळं होऊ नका, घरच्यांनीही बघायला शिका, नाहीतर मुलगी एकटी पडेल. गोष्ट आधी सांगा. जत्रेत आख्यान ठाऊक असतं म्हणून मजा येते, इथेही तसंच. मग खुणा शिकवा. चेहऱ्याभोवती हात गोल फिरवला की 'सुंदर'. अनामिकेकडे बोट दाखवलं की 'लग्न'. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की 'नाच'. दोन बोटं वर उचलली की शपथ. मुठी मनगटांशी फुलीसारख्या खाली आणल्या की मरण. एवढं कळलं की 'स्वान लेक'मधला राजपुत्र भलत्याच मुलीपुढे दोन बोटं उचलतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

तिकीट वरच्या मजल्याचं, स्वस्तातलं घ्या, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हंसिणींच्या रांगा कशा वळतात, कशा एकमेकींतून जातात, ते वरूनच नीट दिसतं. सजूनधजून जायची सक्ती नसते. छान उडी झाली, गिरकी झाली की मध्येच टाळ्या वाजवतात, श्वास रोखून बसायचं नाही. आणि तोच बॅले दुसऱ्यांदा, दुसऱ्या नर्तिकेचा बघा. वालावलकर दशावतार मंडळींचं आख्यान आणि मोचेमाडकर मंडळींचं आख्यान यांत रात्रभर वाद घालणाऱ्या माणसाला हे पटवावं लागू नये. गोडी लागते ती इथे, तुलना करू लागल्यावर. पैसेच नसतील तर 'वर्ल्ड बॅले डे' म्हणून एक दिवस असतो, 2014 पासून. त्या दिवशी मोठमोठ्या कंपन्या आपला सकाळचा सराव इंटरनेटवर फुकट दाखवतात. घामाने चिंब नर्तक बार, म्हणजे सरावाचा आडवा दांडा, धरून तेच तेच करत असतात. ते बघून मुलीला कष्टाची कल्पना येईल, यजमानांचाही मान राखला जाईल.

सासूबाईंना 'जिझेल' दाखवा. माझी आई तिकडे आली होती तेव्हा मी तिला नेलं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि तिथे कुणी बोलतही नव्हतं, त्यामुळे तिची आणि बाजूच्या मडमेची बरोबरीच झाली. गावातली भोळी पोर, वेष पालटून आलेला सरदार, फसवणूक, वेड, मरण. दुसऱ्या अंकात लग्नाआधीच फसवल्या गेलेल्या मुलींची भुतं रानात जमतात आणि सापडेल त्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. आईने माझा दंड धरला, "गो, ह्यो जखणीच मां!" जिझेल त्या सरदाराला पहाटेपर्यंत वाचवते, घंटा होते, भुतं विरतात. आई मोठ्याने म्हणाली, "उजाडलां! सुटलो एकदाचो!" पुढच्या रांगेतले दोघे वळून हसले. पाय किती वर गेला याबद्दल ती शेवटपर्यंत चकार शब्द बोलली नाही. फसवणाऱ्याला त्या पोरीने सोडायला नको होतं, हे मात्र घरी येईस्तोवर सांगत होती.

भरतनाट्यमला घालायचं तर जरूर घाला, पण मुलीला आवडतं म्हणून. 'ते आपलं, हे परकं' म्हणून नको. भरतनाट्यमलाही एकेकाळी 'घरंदाज मुलींनी करू नये' असंच म्हणत. ज्या रुक्मिणीदेवींनी ते प्रतिष्ठेला आणलं त्या आधी बॅले शिकत होत्या, आणि पावलोव्हानेच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर, मांडी खुब्यापासून उघडलेली. बॅलेतही सुरुवात तिथूनच. शरीराला दोन्ही चालतं. खर्चाचं म्हणाल, तर परदेशातल्या अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर कार्यक्रमाचा, हॉल, साड्या, दागिने आणि जेवणावळ यांचा हिशेब कधी मांडून बघा, मग बॅलेला बड्यांचं म्हणायला जीभ वळणार नाही.

मुलाच्या मराठीचं: तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या, चिडू नका, आणि आजीशी रोज व्हिडिओ कॉलवर एकट्याला बोलू द्या. दशावतारातला संकासुर त्याला आवडला असेल तर त्याच्या तोंडचं बोलणं पाठ करायला सांगा.

सातबारा: मामंजी हयात आणि खणखणीत आहेत तोवर उतारा काढून त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते त्यांच्यासमोर बसून वाचून घ्या, आणि तिथल्याच वकिलाला दाखवा. कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर कामापुरतं द्या, सरसकट नको. भावकीत कुणालाही देताना हेच. विमानाच्या आदल्या दिवशी सह्या करू नका.

क्लास सप्टेंबरपासून सुरू करा, शाळेच्या वर्षाबरोबर. बहुतेक ठिकाणी पहिला तास बघायला बसू देतात. त्या तासाला यजमानांना पाठवा.