जहाज शनिवारी दुपारी, मग मुंबईत आधी मुक्काम करावा का?

तुम्ही विचारलंय की यवतमाळकडच्या खेड्यातून आईवडिलांना घेऊन मुंबईहून दोन रात्रींच्या क्रूझला जायचंय, जहाज शनिवारी दुपारी आहे, तर आधी मुंबईत राहावं का, कुठे राहावं आणि तेवढ्या वेळात काय पाहून होईल.

राहावंच. एक पूर्ण रात्र तरी, आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर दोन. "त्याच दिवशी पोचू की" असं घरात कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. आमच्या घरात ते ऐकलं गेलं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव धामणगाव रेल्वेजवळ. आईचं वय चौऱ्याहत्तर, सगळं आयुष्य पऱ्हाटीत गेलं. बाबा असताना सांगायचे की आपला कापूस आगगाडीनं मुंबईला जातो आणि तिथून जहाजानं विलायतेला. ते खोटं नव्हतं. आपल्या वऱ्हाडात रेल्वे आली त्यात कापसाचा मोठा वाटा होता. खामगावचा फाटा 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, तो तिथल्या कापसाच्या बाजारासाठीच. आईला जहाजावरच्या जेवणाचं, नाचगाण्याचं काही नव्हतं. जिथून कापूस जायचा ते बंदर तिला पाहायचं होतं आणि एकदा त्या पाण्यावर जायचं होतं. गेल्या जानेवारीत शेवटची वेचणी आटोपली, चुकारे हातात आले आणि मी सहा जणांची तिकिटं काढली.

मी, बायको आणि मुलगी गुरुवारी रात्रीच्या रेल्वेनं निघालो. आईचं तिकीटही आमच्यासोबतच होतं. दादा नागपूरला असतो. तो म्हणाला, "बुढीले रेल्वेत काहाले त्रास देतं? माह्या गाडीत आरामात येईन. समृद्धीनं आठ घंट्यात मुंबई. हाटेलात पैसे घालाची गरजच नाही." मोठा भाऊ आहे, वयनीही आग्रह करत होत्या, मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून सलतं.

शनिवारी पहाटे तीनला त्यांनी आईला गावाहून उचललं. समृद्धीला मी नावं ठेवणार नाही, 701 किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, जून 2025 पासून शेवटपर्यंत खुला झालाय. पण तो जहाज जिथून सुटतं त्या बॅलार्ड पियरच्या धक्क्याला जात नाही, भिवंडीजवळ आमण्याला संपतो. पुढे तुम्ही नाशिक हायवेच्या गर्दीत, मग ठाणे, मग ईस्टर्न एक्स्प्रेस, मग फ्रीवे. दादानं आठ तास मोजले ते आमण्यापर्यंतचे. त्यात आईचे गुडघे, तिची साखर, दर दोन तासांनी उतरणं, काहीच मोजलं नव्हतं. आमण्याला साडेबारा झाले आणि ठाण्याच्या अलीकडे कंटेनर उलटलेला.

मी टर्मिनलच्या दारात उभा. तिकिटावर स्पष्ट लिहिलेलं की तीननंतर प्रवेश नाही. दादाचा फोन, "पोचतो ना बे, अर्धा तास." असे पाच अर्धे तास झाले. अडीचला बायको आणि मुलीला मी जबरदस्तीनं आत पाठवलं. शेवटी आईनं फोन घेतला. "तू जाय बापा, माह्यासाठी नको थांबू." मी थांबलो. ते चार वाजून दहा मिनिटांनी पोचले, दार बंद झालेलं होतं. न आलेल्या प्रवाशाचे पैसे परत मिळत नाहीत, तेही तिकिटावर होतंच. खोलीचे तीन हजार वाचवायला गेलो आणि चार माणसांचं भाडं बुडालं.

संध्याकाळी आईला गेटवेवर नेलं. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी होती. एवढंच म्हणाली, "पाणी पायलं, जहाज रायलं."

दादा आजही म्हणतो की ट्रॅफिकला कोण काय करणार. ट्रॅफिकला नाही, पण निघण्याच्या दिवसाला करता येतं. शुक्रवारी निघाला असता तर तोच कंटेनर, तीच गर्दी, आणि फक्त हॉटेलात रात्रीचं जेवण उशिरा झालं असतं. जहाज कोणासाठी थांबत नाही.

तुमच्यासाठी धामणगाव हेच सोयीचं स्टेशन. विदर्भ एक्स्प्रेस तिथे थांबते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. गुरुवारी रात्री बसा, शुक्रवारी सकाळी मुंबईत. गाडी पाच तास उशिरा आली तरी बिघडत नाही. खोली फोर्टात किंवा सीएसएमटीच्या आसपास घ्या, तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीनं दहा मिनिटांवर आहे. स्वस्त पडतं म्हणून कल्याण-पनवेलला पाहुण्यांकडे उतरू नका, नाहीतर शनिवारी सकाळी पुन्हा तीच धडकी. आमदार निवासात खोली मिळेल म्हणून आमदारांच्या पत्राच्या भरवशावरही निघू नका, पैसे भरून पक्की खोली घ्या.

पाहायचं म्हणाल तर शुक्रवारी दुपारी झोपा आणि संध्याकाळी गेटवे. सीएसएमटीची 1888 ची इमारत उतरल्या उतरल्या बाहेरून नीट पाहून घ्या, नंतर राहून जाते. घारापुरीचा मोह टाळा. लाँचनं जायला तासभर लागतो, वर पायऱ्या आहेत, म्हाताऱ्यांचा दिवस त्यातच जाईल, आणि सोमवारी लेणी बंद असतात. शनिवारी सकाळी नाश्ता करून थेट टर्मिनल, दुसरं काही नाही. वाटेत बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती दिसतील, गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटनंच त्या आखल्या. वडील शेतकरी असतील तर हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे, तेही सांगा. ते नाव आपल्या कापसाच्या बाजारावरूनच पडलंय.

हे सगळं देशातल्या देशात फिरणाऱ्या जहाजाबद्दल. त्याला पासपोर्ट लागत नाही, पण ओळखपत्र मूळचं न्या आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळतंय का ते आजच पाहा. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या आधारवर नाव एक आणि बँकेत दुसरं असतं. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात ही जहाजं मुंबईहून सहसा सुटत नाहीत, तेव्हा तारीख ठरवताना तेही बघा.

यंदा फेब्रुवारीत आईला परत नेतोय. रेल्वे गुरुवारची, जहाज शनिवारचं. दादालाही सांगितलंय. तो म्हणतो, शुक्रवारी रात्री गाडीनं निघतो. मी म्हटलं, ये. पण आई माझ्यासोबत येईल.